तीन शून्यांचा बर्फ

माझं शिक्षण बी.कॉम., हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे उष्णता, कॅलरी, उणे अठरा अंश असले शब्द येणार आहेत आणि ते वाचून एखादा सायन्सवाला लगेच विचारणार, "तुम्हाला काय अधिकार?" अधिकार काही नाही. पण माझं म्हणणं असं की, बर्फ वितळायला किती उष्णता लागते हा प्रश्न मुळात सायन्सचा नाहीच. तो जमाखर्चाचा आहे. आणि हिशेब न ठेवणाऱ्या लोकांच्या हाती गेल्यामुळेच त्यातली तीन शून्यं गहाळ झालेली आहेत. आमच्या बँकेत तीन रुपये गहाळ झाले तर आम्ही रात्री साडेआठपर्यंत बसतो. इथे तीन शून्यं गेली, आणि लोक खुशाल बर्फाचा गोळा चोखत उभे आहेत!

प्रकरण असं आहे. 'बर्फ खा आणि बारीक व्हा' असा एक संप्रदाय सध्या निघाला आहे. त्याचे कीर्तनकार मोबाइलवर असतात, टाळकरी सकाळी बागेत फिरायला येतात, आणि भाविक मंडळी घरोघरी फ्रीजचं दार उघडं टाकून उभी असतात. संप्रदायाचं तत्त्वज्ञान फार सोपं. बर्फ थंड, पोट गरम. बर्फ पोटात गेला की तो वितळवायला शरीराला उष्णता खर्च करावी लागते. उष्णता म्हणजे कॅलरी. कॅलरी म्हणजे चरबी. तेव्हा जो बर्फ खाईल तो बारीक होईल, आणि जास्त खाईल तो जास्त बारीक होईल. फिरणं नको, योगासनं नकोत, भात सोडायला नको. फक्त दात मजबूत पाहिजेत.

आमच्या शाखेतले हेडकॅशियर हे या संप्रदायाचे निष्ठावंत वारकरी. गृहस्थ भला, हाताला स्वच्छ, नोटा मोजण्यात यंत्राला हरवणारा. पण वजन ब्याण्णव किलो आणि जोडीला मधुमेह. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज पाऊण तास भराभर चाला. महिनाभर चालले. मग कुठून तरी हा बर्फाचा मंत्र मिळाला आणि चालणं बंद झालं. आता केबिनमध्ये एक थर्मास असतो. त्यातून बर्फाचे खडे काढून ते कडाकडा चावत असतात. बाहेर रांगेतल्या माणसाला वाटतं, आत कोणी तरी बांधकाम काढलंय.

मी एकदा हटकलं तर त्यांनी पे-इन स्लिप उलटी करून तिच्या पाठीवर मला हिशेबच मांडून दाखवला. बर्फ पावकिलो, म्हणजे २५० ग्रॅम. फ्रीझर उणे १८ अंशांवर. एक ग्रॅम बर्फ एक अंशानं तापवायला अर्धी कॅलरी. म्हणून उणे १८ वरून शून्यावर यायला २,२५०. मग तो वितळायला ग्रॅममागे ८० कॅलरी, म्हणजे २०,०००. मग झालेलं पाणी शून्यावरून शरीराच्या ३७ अंशांपर्यंत चढवायला, ग्रॅममागे दर अंशाला एक या दरानं, ९,२५०. एकूण ३१,५००. खाली दोन रेघा मारून ते म्हणाले, "आणि डॉक्टर म्हणतो, दिवसाला दोन हजार कॅलरी खा. पावकिलो बर्फात जवळजवळ सोळा दिवसांचं जेवण जळतं. मी काय वेडा म्हणून चालू?"

मी टोटल दोनदा मारली. बरोबर होती. दहावीच्या चिरंजीवांचं शास्त्राचं पुस्तक काढून पाहिलं. सूत्रही बरोबर होतं. हीच तर या हिशेबाची गंमत आहे. अफरातफर केलेल्या प्रत्येक वहीत टोटल बरोबरच असते. चोर टोटलमध्ये कधीच नसतो.

पण चोराकडे वळण्यापूर्वी त्या २०,००० बद्दल दोन शब्द, कारण सगळ्या हिशेबात मला आवडलेली रक्कम तीच. बर्फ शून्य अंशांवर आला. आता तुम्ही त्याला उष्णता देताय, देताय, आणि थर्मामीटर मात्र शून्यावर ढिम्म बसलेला. ग्रॅममागे ऐंशी कॅलरी खाऊन हा गडी पाव अंशानंसुद्धा वर सरकत नाही. सायन्सवाले याला 'अप्रकट उष्मा' असं भारदस्त नाव देतात आणि पोरांना पाठ करायला लावतात. आमच्याकडे याला सस्पेन्स अकाउंट म्हणतात. रक्कम जमा झालेली आहे, बुडालेली नाही. फक्त कुठल्या खात्यात ते अजून दिसत नाही. पाणी पुन्हा गोठेल त्या दिवशी पै अन् पै परत मिळते. चाळीस मिनिटांच्या तासाला हे एवढं सांगितलं असतं तर अर्धा वर्ग भौतिकशास्त्राला घाबरून कॉमर्सला आला नसता. (मग आमच्या ब्रँचची पंचाईत झाली असती, हा भाग वेगळा.)

हे सस्पेन्स खातं प्रथम उघडकीला आणलं ते ग्लासगो विद्यापीठातल्या जोसेफ ब्लॅक या प्राध्यापकानं, १७६१-६२ च्या सुमारास. तोवर भल्याभल्यांची समजूत अशी की, बर्फ एकदा वितळण्याच्या टोकाला आला की अगदी चिमूटभर उष्णता दिली तरी सगळाच्या सगळा पाणी होतो. ब्लॅक म्हणाला, असं असतं तर वसंत ऋतूत पहिलं ऊन पडताच डोंगरावरचं सगळं बर्फ एका दमात वितळलं असतं आणि खालच्या गावांत महापूर आले असते. ते तर आठवडेच्या आठवडे सावकाश वितळतं. तेव्हा दरम्यान कुठे तरी मोठी रक्कम मुरत असली पाहिजे. आता हा युक्तिवाद पाहा. याला प्रयोगशाळा लागत नाही, खिडकी लागते. हिमालयाचा बर्फ ऐन उन्हाळ्यात बेतानं वितळून नद्यांना पाणी पुरवतो, तो या ऐंशी कॅलऱ्यांच्या जोरावर.

मग त्यानं प्रयोग केला तो तर शुद्ध सरळव्याजाचा. एका मोठ्या दालनात दोन सारखी भांडी टांगली. एकात गोठणबिंदूला टेकलेलं पाणी, दुसऱ्यात तितकाच बर्फ. हवा तीच, म्हणजे उष्णतेचा दर तोच. पाणी अर्ध्या तासात सात अंश फॅरनहाइटनं वर चढून ४० वर गेलं. बर्फवाल्या भांड्याला त्याच ४० वर यायला लागले साडेदहा तास. साडेदहा तास म्हणजे एकवीस अर्धे तास. एकवीस साती एकशे सत्तेचाळीस. त्यातले आठ अंश वितळलेलं पाणी ३२ वरून ४० वर न्यायला लागले. बाकी १३९ गेले कुठे? सस्पेन्सला! आपल्या सेल्सिअसच्या मापात ते ग्रॅममागे ७७ कॅलरी होतात; आज मानतात तो आकडा ८० ला टेकलेला. दोन भांडी, एक घड्याळ, आणि दर गुणिले मुदत. हा माणूस आमच्या बँकेत असता तर ऑडिट विभागात गेला असता.

आता चोर. तो 'कॅलरी' या शब्दातच दडून बसलेला आहे. कॅलऱ्या दोन आहेत. एक ग्रॅम पाणी एक अंशानं तापवायला लागते ती धाकटी. एक किलो पाणी एक अंशानं तापवायला लागते ती थोरली, तिचं खरं नाव किलोकॅलरी. थोरली म्हणजे हजार धाकट्या. बर्फाचं गणित पुस्तकात धाकटीत असतं. जेवणाचं गणित, डॉक्टरांच्या तोंडचं 'दोन हजार' धरून, सगळं थोरलीत असतं. पण बोलताना लोक किलो गिळून टाकतात. पोळीतही कॅलरी, बर्फातही कॅलरी. इंग्रजांनी निदान एक पळवाट ठेवली होती की, थोरलीचं पहिलं अक्षर कॅपिटल काढावं. ती व्यवस्था मुळातच अशी की मोठ्यानं वाचून दाखवली की मोडते. आणि आपल्या देवनागरीत तर कॅपिटल अक्षरच नाही! त्यामुळे मराठीत थोरली आणि धाकटी एकाच नावानं, एकाच कुंकवानं आणि एकाच साडीत वावरतात. आरोग्याच्या सदरांत 'पोहे खा, एवढ्या कॅलरी' असं छापतात, तिथे प्रत्येक आकड्यामागची तीन शून्यं खाल्लेली असतात. बिस्किटाच्या पुड्यावर बिचारा कारखानदारसुद्धा 'किलोकॅलरी' असं नीट छापतो. वाचणारा ते वाचत नाही, आणि शिकवणारा ते सांगत नाही. आमच्या चिरंजीवांच्या दप्तरात शास्त्राच्या पुस्तकातली धाकटी आणि डब्यातल्या बिस्किटांवरची थोरली या दोघी रोज शाळेत जाऊन येतात, त्यांची एकमेकींशी अजून ओळख करून दिलेली नाही.

मी हे माझ्या मेहुण्याला सांगितलं. तो इंजिनिअर. तो हसून म्हणाला, "हां, ते युनिट्सचं होय! किरकोळ आहे हो."

किरकोळ! एखाद्या पोरानं खातेदाराच्या नावे पन्नास रुपयांऐवजी पन्नास हजार टाकले, तर खातेदार ते किरकोळ म्हणेल काय? आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात की आकडा नंतर लिही, आधी रुपये की हजार ते बघ. सायन्सवाल्यांची पोरं पेपरात उत्तराला एकक लिहीत नाहीत तर अर्धा मार्क कापतात. अर्धा! इकडे तेवढ्यावर एका माणसानं चालणं सोडलेलं आहे.

बरं, एकक समजत नाही तर न समजो. निदान बाकी तपासावी की नाही? चेक आला की आम्ही आधी खात्यात शिल्लक बघतो. हेडकॅशियरांचा ३१,५०० चा चेक मी त्यांच्याच देहावर वठवून पाहिला, थोरल्या कॅलरीत, कारण जेवणाशी तुलना त्यांनी थोरलीतच केली होती. हिशेबाला सोपं म्हणून माणूस सत्तर किलोचा धरू. असा देह एक अंशानं थंड होताना साधारण ५८ किलोकॅलरी देतो. ३७ वरून शून्यावर आणला तर २,१५० सुटल्या. शून्यावर त्याच्या अंगातलं बेचाळीस किलो पाणी गोठवलं तर आणखी ३,३६०. हेडकॅशियरांचा आता लादीएवढा घट्ट पुतळा झालेला आहे, आणि खर्च पडले आहेत जेमतेम साडेपाच हजार. पुढे त्यांना थेट निरपेक्ष शून्यापर्यंत, म्हणजे उणे २७३ अंशांपर्यंत नेलं, ज्याच्या खाली जाण्याची सोय विश्वात नाही, तरी आणखी आठ हजार फार झाले. एकूण साडेतेरा हजार. चेक साडेएकतीस हजारांचा! खातं पूर्ण खरवडलं, पासबुक गोठलं, तरी अठरा हजार अपुरे. असा चेक आम्ही 'रक्कम अपुरी' असा शिक्का मारून परत करतो. हे मात्र पावकिलो बर्फ खाऊन दुपारी डबाही खातात.

खरा हिशेब काय? ३१,५०० धाकट्या म्हणजे साडेएकतीस थोरल्या. साखरेच्या एका ग्रॅममध्ये चार असतात. म्हणजे पावकिलो बर्फ कडाकडा चावून, दातांच्या डॉक्टरची सोय करून, गृहस्थानं मिळवलं काय, तर दीड चमचा साखर. एक किलो चरबीत ढोबळ मानानं ७,७०० असतात. ती उतरवायची तर बर्फ लागेल ६१ किलो. रोज पावकिलोच्या हप्त्यानं आठ महिने. त्यांना दहा किलो उतरायचं आहे, तर जवळजवळ पावणेसात वर्षं. हेडकॅशियर पाच वर्षांत रिटायर होतात.

यावर संप्रदायाचे मवाळ लोक म्हणतात, "थोडं का होईना, होतं ना? शून्य तर नाही?" शून्य नाही, मान्य. मी शून्य म्हटलेलंही नाही. पण हे दीड चमचेसुद्धा पुरते पदरात पडतात असं समजू नका. माणसाचं शरीर बसल्या जागी ऐंशी-शंभर वॅट उष्णता बाहेर टाकत असतं, जुन्या पिवळ्या बल्बसारखं. पोटात थंड काही गेलं की शरीर आधी हा बाहेरचा धूर कमी करतं, कातडीकडे जाणारं रक्त आवरतं, आणि जी उष्णता नाही तरी भंगारात जायची होती तीच बर्फाला देऊन टाकतं. त्यासाठी मुदतठेव मोडावी लागतेच असं नाही. दीड चमच्यातला किती भाग चरबीच्या खात्यातून आला, हे बर्फाचा खडा काही सांगत नाही.

उलट पाऊण तास भराभर चाललं की ढोबळ मानानं दीडशे थोरल्या कॅलऱ्या सहज जातात. बर्फाच्या भाषेत सव्वा किलोच्या जवळपास. शिवाय चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर थेट उचलून वापरतात. ती सोय बर्फात कुठल्याच तापमानाला नाही. हेडकॅशियरांची तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी परवा झाली. मागच्या वेळी सात पूर्णांक काही तरी होती, ती आता नऊच्या पुढे गेली आहे. त्या रिपोर्टात मात्र एकही शून्य गहाळ नव्हतं. वहिनी बँकेत आल्या होत्या, त्या मला म्हणाल्या, "भावजी, यांना तुम्ही तरी समजवा. माझं ऐकत नाहीत, डॉक्टरचं ऐकत नाहीत." मी कोण समजावणार? पण ती पे-इन स्लिप मी मागून घेतली, ३१,५०० च्या पुढे लाल शाईनं 'धाकट्या' असं लिहिलं, खाली ३१.५ 'थोरल्या' असं लिहून सही केली, आणि परत दिली. हेडकॅशियर पंधरा मिनिटं त्या स्लिपकडे बघत होते. मग म्हणाले, "अरे, पण आपण दोन हजार धरले ते?" म्हटलं, "ते थोरल्याच, साहेब." त्या दिवशी थर्मास उघडला नाही. दुसऱ्या दिवशी उघडला. त्यात ताक होतं.

गोळेवाल्याचा तर या चर्चेत काहीच दोष नाही. तो कधीच म्हणाला नाही की बारीक व्हा. तो म्हणतो, "कालाखट्टा देऊ की रोझ?" आणि वर जो रंगीत पाक ओततो, त्यात तीस ग्रॅम साखर धरली तर १२० थोरल्या जमा. खाली दोनशे ग्रॅम बर्फाचे पंचवीसच नावे. एवढी उघड तूट असूनही चौपाटीवर लोक मला सांगतात की गोळ्यानं वजन वाढत नाही, कारण 'बर्फच तर आहे!'

बर्फाचा हिशेब चोख ठेवला तो एकाच जमातीनं, ती म्हणजे एसीवाल्यांची. 'दीड टनाचा एसी' म्हणजे त्याचं वजन दीड टन, असं आमच्या शिपायालाच काय, एका माजी मॅनेजरांनाही वाटत असे. भिंत खचेल म्हणून ते केबिनमध्ये खुर्ची लांब ओढून बसत. तो टन बर्फाचा आहे. अमेरिकेत यंत्रं येण्यापूर्वी बर्फाच्या लाद्या ठेवून थंडावा करत. म्हणून यंत्राची ताकद कशी सांगायची, तर चोवीस तासांत एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता खेचेल तेवढी. तासाला जवळजवळ ३८ किलो. साहेबांच्या केबिनमधला दीड टनी एसी चालू असतो तेव्हा तिथे दर तासाला ५७ किलो बर्फ वितळत असतो, असं समजायला हरकत नाही. काउंटरवर आमच्याकडे पंखा आहे. त्यातला हिशेब मी युनियनकडे दिलेला आहे.

आणि एवढं सांगूनही ज्यांचा बर्फावरचा विश्वास ढळत नसेल, त्यांनी उलट बाजूची नोंदही करावी. थंडानं कॅलरी जात असतील तर गरमानं त्या यायला हव्यात. जमा असल्याशिवाय नावे होत नाही. ५७ अंशांचं शंभर ग्रॅम गरम पाणी पोटात जाऊन ३७ वर आलं की शरीराला देतं दोन हजार कॅलरी. धाकट्या. त्या संप्रदायाच्या पद्धतीनं वाचल्या तर एक पेला नुसतं गरम पाणी म्हणजे दिवसभराचं जेवण. तेव्हा या मंडळींनी सकाळी एक पेला गरम पाणी घ्यावं, डबा घरीच ठेवावा, आणि संध्याकाळी पाच वाजता कसं वाटतं ते मला काउंटर नंबर चारवर येऊन सांगावं. साडेतीनला क्लोजिंग होतं, पण मी थांबेन.